दोरी कोणी ओढायची?

विषय पत्रिकेत छापलाय: 'अमेरिकी मोटार उद्योगाची पडझड आणि पुनर्रचना'. मला पन्नास मिनिटं होती, त्यातली बारा सत्कारात गेली. शाल मिळाली, नारळ मिळाला, तक्रार नाही. पण पडझडीकडे जाण्याआधी मला एका दोरीबद्दल बोलायचंय.

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. पहिल्या रांगेतल्या काकूंनी मान डोलावली. मुलगा की मुलगी? बरं, नंतर बोलू. तिथं जनरल मोटर्सचा कारखाना होता, तो त्यांनी १९८२ साली बंद केला. लौकिक असा, की पाचातला एक माणूस कामावर यायचाच नाही, आलेल्यांपैकी काही शिफ्टमध्येच बाटली उघडायचे आणि साहेबांचं नि युनियनचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लाइन मात्र थांबायची नाही. बोल्ट राहिला? जाऊ दे पुढं. दार नीट बसत नाही? जाऊ दे. बाहेर पटांगणात उभी करून नंतर दुरुस्त करू.

मग टोयोटा आली. दोघांनी भागीदारीत १९८४ साली तोच कारखाना पुन्हा चालू केला, नाव नूमी. कामगार कोण घेतले? बहुतेक तेच! युनियनही तीच. काहींना जपानला नेऊन शिकवलं आणि लाइनच्या कडेनं, हाताला येईल अशी दोरी टांगली. अडलं की ओढायची. धून वाजते, टीम लीडर धावत येतो, सुटलं तर ठीक, नाहीतर लाइन बंद. थोड्याच काळात त्या 'वाया गेलेल्या' माणसांच्या गाड्या जपानी कारखान्याच्या तोडीस तोड निघायला लागल्या.

मी हे इतकं घोळवून सांगतोय, कारण मला दोरी नव्हती. १९८९ साली भोसरीत एका वर्कशॉपमध्ये नवखा इंजिनियर होतो. नाव सांगत नाही, मालक गेले, मुलं भली आहेत. ब्रॅकेटला भोकं पाडायचं काम. गेजची 'नो-गो' बाजू आत जायला लागली, म्हणजे भोक मोठं, माल नापास. मी मशीन बंद केलं. इतकी शांतता, की शेजारच्या शेडमधला रेडिओ ऐकू यायला लागला. सुपरवायझर आले. गेजकडे बघितलंच नाही, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, तुमचं शिक्षण मोठं. पण पाच वाजता टेम्पो लागतोय." आणि बटण दाबलं. दीड महिन्यानं सगळा माल परत. मेमो कोणाला? मला! कारण काय, तर 'दोष वेळीच निदर्शनास आणून दिला नाही'. हसा. तो मेमो मी लॅमिनेट करून ठेवलाय. बायको म्हणते, निदान भिंतीवर लावू नका.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? अहो, पुनर्रचना राहिलीच की!

भराभर सांगतो. युनियनशी झालेल्या १९५० च्या करारानं पेन्शन आणि औषधपाणी कंपनीच्या गळ्यात आलं. बाजार मुठीत होता तोवर पेललं. पुढं नोकरीवरच्यांपेक्षा पेन्शनर जास्त झाले, एकेका गाडीवर दीडेक हजार डॉलर नुसते उपचारखर्चाचे. नफा सगळा थोराड गाड्यांवर, आणि २००८ मध्ये पेट्रोल भडकलं, पाठोपाठ कर्जबाजार आटला. नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते स्वतंत्र खासगी विमानांनी! डिसेंबरात मुकाट्यानं मोटारीनं गेले. फोर्डनं २००६ मध्येच सगळं गहाण टाकून पैसा उभा केला होता, अगदी निळं बोधचिन्हसुद्धा, म्हणजे मंगळसूत्रच. म्हणून ती वाचली. क्रायस्लर ३० एप्रिल २००९ ला दिवाळखोरीत, जनरल मोटर्स १ जूनला. चांगलं तेवढं नव्या कंपनीत, उरलेलं जुनीत. चाळीस दिवसांत बाहेर. नव्या जनरल मोटर्सची मालकी: सरकारकडे सुमारे ६१ टक्के, युनियनच्या आरोग्यनिधीकडे साडेसतरा. पाँटिअ‍ॅक बंद, सॅटर्न बंद, दोन्ही त्यांचेच ब्रँड. नव्या कामगाराला जुन्याच्या निम्म्याच्या आसपास मजुरी, ते तर २००७ लाच ठरलेलं.

आता माझा मुद्दा. दोष मजुरीचा, युनियनचा, हे सगळे सांगतात. अर्धं खरं. पण जनरल मोटर्सच्या स्वतःच्या भागीदारीत पंचवीस वर्षं दोरी लोंबत होती. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या आपल्या कारखान्यात तीच पद्धत आणायला गेले, साहेबांना गाड्यांचा आकडा सुटेना, कामगारांचा साहेबांवर विश्वास बसेना. १९९२ मध्ये तो बंद. २००९ मध्ये तर त्यांनी नूमीच सोडली. पुढच्या एप्रिलात तिथली शेवटची गाडी निघाली, आता तिथं टेस्ला आहे. आपल्या तळेगावला जनरल मोटर्सवाले २००८ साली आले नि २०२० च्या डिसेंबरात लाइन बंद केली, त्यावर वेगळं बोलायला हवं. बोलवा, येतो. फक्त सत्कार शेवटी ठेवा.