सर्वनामाची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

वीज आली की आपल्या खान्देशातल्या वावरात पहिली आठवण होते ती मोटरची, म्हणून इंग्रजी वाक्यात सर्वनाम कुठे ठेवायचे, हा आजचा विषयही मी मोटरपासूनच सुरू करतो. मोटर बंद करा, हे इंग्रजीत दोन प्रकारे सांगता येते. ‘टर्न ऑफ द मोटर’ हे बरोबर आहे आणि ‘टर्न द मोटर ऑफ’ हेही बरोबर आहे. मात्र मोटर हे नाम काढून त्या जागी ‘इट’ हे सर्वनाम घातले, की दोन वाटांपैकी एकच उरते. ‘टर्न इट ऑफ’ हे बरोबर आणि ‘टर्न ऑफ इट’ हे चूक. पुन्हा सांगतो, नाम मध्येही चालते आणि शेवटीही चालते, परंतु सर्वनाम मध्येच यावे लागते.

हा नियम पाठ करून विद्यार्थी पुढे जातो आणि लगेच अडखळतो. गोठ्यातले वासरू सांभाळा, हे सांगताना ‘लुक आफ्टर द काफ’ असे म्हणतात, आणि तिथे सर्वनाम घातले की ‘लुक आफ्टर इट’ होते. ‘लुक इट आफ्टर’ असे कोणीही इंग्रज बोलणार नाही. मग पहिल्या वाक्यात ‘इट’ मध्ये शिरले आणि दुसऱ्या वाक्यात ते शेवटी राहिले, असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या मराठी व्याकरणात आहे. ‘वर बघ’ या वाक्यातला ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय आहे, आणि ‘झाडावर बघ’ यातला ‘वर’ शब्दयोगी अव्यय आहे, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. शब्द तोच असला तरी पहिला क्रियापदाचा सोबती आहे आणि दुसरा नामाला जोडलेला आहे, आणि मराठीत तो जोडूनच लिहिला जात असल्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत तो दिसत नाही, कारण तिथे सगळेच शब्द सुटे असतात. ‘रन अप द हिल’ म्हणजे टेकडी धावत चढणे, आणि ‘रन अप द बिल’ म्हणजे उधारी वाढवत नेणे. दोन्ही वाक्ये कानाला सारखीच लागतात. आता दोन्हीकडे ‘इट’ घालून पाहा. टेकडीचे ‘रन अप इट’ होते आणि उधारीचे ‘रन इट अप’ होते. सर्वनाम येताच ‘अप’ नामाचा आहे की क्रियापदाचा, हे उघड होते. क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मध्ये, नामाचा असेल तर सर्वनाम शेवटी.

संस्कृतात क्रियापदाच्या अशा सोबत्याचे काम उपसर्ग करतो, आणि आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द एकाच धातूपासून त्याच्यामुळेच निघाले आहेत. वेदांच्या भाषेत तर हा उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकत असे आणि दोघांच्या मध्ये इतर शब्द येत. पुढच्या काळातल्या संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. त्यामुळे ‘टर्न इट ऑफ’ ही रचना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. इंग्रजी शिकणाऱ्या परकीयांना सर्वांत मोठी अडचण या जोड क्रियापदांची, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारख्या सोबती घेऊन येणाऱ्या क्रियापदांची येते, हे इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे. परीक्षेच्या गाइडांमध्ये या क्रियापदांच्या लांबच लांब याद्या छापतात आणि मुलांकडून त्या पाठ करून घेतात, ते मला कधीच पटलेले नाही. ज्या मुलाला मराठीतले शब्दयोगी अव्यय नीट समजले आहे, त्याला यादीची गरज फार थोडी लागते.

हे मला ज्या प्रसंगाने शिकवले, तो आता सांगतो. १९८९ सालचा जून महिना होता. चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या गल्लीत केळीची बाग असलेले एक शेतकरी राहत, त्यांना सगळे गाव आबा म्हणत असे. त्यांच्या धाकट्या मुलाला मुंबईत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घराण्यातले कोणीही तोवर जळगावच्या पुढे शिकायला गेलेले नव्हते. मुंबईला दादरमध्ये त्यांच्या दूरच्या नात्यातले एक निवृत्त अधिकारी होते, आणि त्यांच्या भरवशावर मुलाला पाठवायचे ठरले. एवढ्या मोठ्या माणसाला पत्र इंग्रजीतच गेले पाहिजे, असा आबांचा आग्रह होता. मराठी माणसाने मराठी माणसाला इंग्रजीत पत्र लिहावे हे मला तेव्हाही रुचले नव्हते आणि आजही रुचत नाही, पण त्या वेळी मी ते बोललो नाही.

पत्राचा मसुदा मुलानेच केला होता आणि तो तपासण्यासाठी आबांनी माझ्याकडे आणला. ओट्यावर कंदिलाच्या उजेडात बसून मी तो वाचला, दोन ठिकाणी काळ सुधारला, एक स्पेलिंग दुरुस्त केले आणि आंतरदेशीय पत्रावर माझ्या हाताने स्वच्छ उतरवून दिला. त्यातले शेवटचे वाक्य असे होते: ‘आय रिक्वेस्ट यू टू सी थ्रू हिम.’ शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाच्या पाठीशी उभे राहा, असे त्या बापाला म्हणायचे होते. वाक्य मला निर्दोष वाटले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. आबा वावरातून तसेच आले होते, केळीच्या चिकाचे काळे डाग त्यांच्या सदऱ्यावर होते. पत्र माझ्या हातात देत ते म्हणाले, “सर, काय लिखेल शे यामा?” मी वाचू लागलो. मुलाची खोली पाहून ठेवली आहे, रविवारी त्याने जेवायला घरी यावे, असा मजकूर होता, आणि शेवटी एक ओळ होती: ‘आय शॅल सी हिम थ्रू.’

मी त्या ओळीपाशी थांबलो. शब्द आमच्याच पत्रातले होते, पण ‘हिम’ जागेवरून हलला होता. आबांना मी अर्थ सांगितला की पोराला शेवटपर्यंत सांभाळतो असे साहेब म्हणतात, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते गेल्यावर मी शब्दकोश काढला. ‘सी हिम थ्रू’ म्हणजे त्याला अडचणीतून पार नेणे, शेवटपर्यंत साथ देणे. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचे सोंग ओळखणे, तो फसवतो आहे हे जाणणे. पहिल्यात ‘थ्रू’ क्रियापदाचा सोबती आहे म्हणून सर्वनाम मध्ये. दुसऱ्यात ‘थ्रू’ त्या माणसाला जोडलेला आहे म्हणून सर्वनाम शेवटी. माझा मुलगा लबाड आहे, त्याला ओळखून असा, अशी विनंती एका बापाच्या नावाने मी माझ्या अक्षरात लिहून पाठवली होती. व्याकरणाची चूक असती तर ती मला दिसली असती. दोन्ही वाक्ये शुद्ध होती, म्हणून ती दिसली नाही.

त्या गृहस्थांनी चुकीचा शब्दानेही उल्लेख केला नाही. बापाच्या मनातले त्यांनी वाचले आणि उत्तरात सर्वनाम त्याच्या जागी ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी जाऊन माझी चूक त्यांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर मी प्रत्येक वर्गात ही क्रियापदे जोडीने शिकवू लागलो आणि प्रत्येक जोडीत सर्वनाम घालून ती मोठ्याने म्हणून घेऊ लागलो, कारण हा फरक कानालाही कळतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, आणि ‘लुक ॲट इट’ म्हणताना तो ‘लुक’वर पडतो. तीन शब्दांची क्रियापदेही याच वाटेने जातात. डिझेल संपले तर ‘वी हॅव रन आऊट ऑफ इट’, कारण इथला ‘ऑफ’ एका ‘एफ’चा, म्हणजे ‘टर्न ऑफ’मधल्याहून वेगळा, आणि तो डिझेलचा आहे. राग माझ्यावर काढू नका, हे ‘डोन्ट टेक इट आऊट ऑन मी’ असे होते, आणि त्यात दोन सर्वनामे आपापल्या जागी बसतात: रागाचे ‘इट’ मध्ये, आणि ‘माझ्यावर’मधल्या ‘वर’साठी आलेल्या ‘ऑन’नंतर ‘मी’.

चार वर्षांनी, १९९३च्या उन्हाळ्यात, मुलगा इंजिनिअर होऊन गावी आला. आबांनी पुन्हा एक आंतरदेशीय पत्र आणले आणि साहेबांचे आभार मानायला सांगितले. मी आधी सगळे पत्र मराठीत लिहिले. आबा म्हणाले, एक ओळ तरी इंग्रजीत असू द्या. तेव्हा अगदी शेवटी, सावकाश, प्रत्येक शब्द उच्चारत मी लिहिले: ‘यू सॉ हिम थ्रू.’