पांढरी गोळी

मेटल डिटेक्टर वाजतो, पुढे जातो, मागे येऊन त्याच जागी पुन्हा वाजतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं हे शेत खासगी आहे, मालकाची परवानगी घेतलेली आहे. शोध चाललाय तो १८६१-६५ च्या यादवी युद्धातल्या, उत्तर-दक्षिण लढाईतल्या, बंदुकीच्या गोळ्यांचा. खुरपं वीतभर खाली जातं आणि मातीत काहीतरी पांढरं दिसतं. खडूचा तुकडाच वाटतो. तळहातावर घेतला की वजन लागतं.

शिसं आहे हे. वरचा पांढरा थर म्हणजे शिशाचा कार्बोनेट, दीडशेहून जास्त वर्षं मातीत राहून चढलेला. आतलं शिसं त्यानंच राखलंय. तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केलेल्या गोळ्या विकायला मांडलेल्या असतात. त्यांच्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. आमच्याकडे मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. नंतर हात मात्र साबणानं धुवायचे.

आता जवळून बघा. कडेनं तीन खाचा, बुडाला शंकूसारखी पोकळी. ही मिनिए गोळी. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांनी बनवली तेव्हा बुडात लोखंडी वाटी होती. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जेम्स बर्टन यांनी ती वाटी काढून टाकली. १८५५ मध्ये अमेरिकी सैन्यानं ०.५८ इंची मिनिए स्वीकारली, तेव्हा युद्धमंत्री होते जेफरसन डेव्हिस. पुढे यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले ते हेच! म्हणजे तारखेचं एक टोक हाती आलं: ही गोळी १८५५ च्या आधीची नाही.

गोळी नळीपेक्षा जराशी बारीक, म्हणून ठासताना सहज उतरते. दारू पेटली की पोकळ बूड फुगतं, नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, रुततं आणि गोळी फिरत बाहेर पडते. आट्यांचे वळ तिच्या अंगावर राहतात. हिच्यावर एकही वळ नाही. पण टोक बघा. मध्यावर भोक आहे, भोकात मळसूत्राचे वेढे. बंदूक भरलेली राहिली, बहुधा दारू सादळली, आणि कुणा शिपायानं गजाच्या टोकाला मळसूत्र लावून गोळी उपसून काढली, फेकून दिली. ती इथं पडली.

शेजारची दोन कड्यांची. दक्षिणेकडची गार्डनर गोळी, पेटंट १८६१ चं.

आणि ही चपटी. व्यास मोजायची सोय नाही, म्हणून काट्यावर ठेवली: ३२ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरून हिशोब केला तर मूळची साडेसतरा मिलिमीटरची गोल गोळी निघते. गोल दिसली की लोक थेट अठराव्या शतकातल्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जातात. घाई नको. १८६२ मध्येही कित्येक पलटणींच्या हातात गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका होत्या, एका काडतुसात एक मोठी गोळी आणि तीन छर्रे.

हिच्यावर दात उमटलेत. शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी शिपाई गोळी चावायचे, ही गोष्ट फार लाडकी आहे. पण अशा बऱ्याच गोळ्या डुकरांनी चघळलेल्या असतात. मिनिए हाडाला लागली की हाडाचा चुरा व्हायचा, हात-पाय कापावे लागत.

गोळीइतकीच जागाही बोलते. अमेरिकी घोडदळ आणि मूळ रहिवासी जिथं लढले त्या लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणांगणावर १९८३ मध्ये वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती पालथी घातली. सापडलेल्या प्रत्येक वस्तूजवळ छोटा झेंडा, प्रत्येकीची नकाशावर नोंद. रिकाम्या पुंगळ्यांवरचे चापाच्या सुईचे ठसे जुळवले, तेव्हा एकच बंदूक कुठून कुठे सरकत गेली ते दिसलं. त्या पुंगळ्या कुणी खिशात घालून नेल्या असत्या, तर?

म्हणून आधी नोंद: जागा, खोली, कोणत्या बाजूला टोक होतं. मग पिशवी, पिशवीवर आकडा. खड्डा बुजतो, गवताचा चौकोन परत जागेवर बसतो, वरून बुटानं दाबला जातो.

डिटेक्टर पुन्हा वाजतो. या वेळी पत्र्याचं झाकण.