दुकानाची डिजिटल पाटी : आधी अक्षर, मग इंच

(दृश्य : पुणे, बुधवार पेठ, तपकीर गल्ली. खोकी उतरताहेत.)

पुठ्ठ्याच्या खोक्यांतून निघणारे हे काळे चौकोन म्हणजे पी-टेन मॉड्यूल. दुकानांच्या दारांवर लाल अक्षरं पळताना दिसतात, ती यांच्यावरच. एक मॉड्यूल ३२० मिलिमीटर रुंद, १६० मिलिमीटर उंच. आडवे ३२ दिवे, उभे १६.

मिठाई-फरसाणाच्या एका दुकानासाठी दोन गोष्टी ठरायच्यात : दारावरची पाटी आणि काउंटरमागचा भावफलक.

(दृश्य : कारखान्यात जोडणी. हातांचे क्लोजअप.)

चौकोनी पाइपची चौकट आधी वेल्ड होते. मॉड्यूलच्या मागे लोहचुंबकाचे स्क्रू बसवलेले असतात. चौकटीजवळ नेलं की मॉड्यूल खटकन चिकटतं. मग चपटी केबल एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय, आणि शेवटी तळहातात मावेल एवढं कंट्रोलर कार्ड. गिऱ्हाईक फुटाचा भाव विचारतं, दिवे किती लख्ख ते विचारतं. या कार्डाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पाटीवर मराठी कशी उमटणार, ते हे कार्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर ठरवतं.

(दृश्य : लॅपटॉपवर टाइप होतंय : खाऱ्या शेंगा. पाटी पेटते.)

नीट बघा. र च्या खाली टिंब आलंय, पाय मोडलाय, य सुटा पडलाय. खालच्या ओळीत ‘मिठाई’ : वेलांटी म ला सोडून ठ वर जाऊन बसली आहे.

(निवेदन नाही. मालकांचा चेहरा, ८ सेकंद.)

संगणक मराठी साठवतो ती उच्चाराच्या क्रमाने. आधी म, मग वेलांटी. ती उचलून म च्या अलीकडे काढायची, र आणि य जोडून ऱ्य घडवायचा, हे काम सॉफ्टवेअरचं. इंग्रजीपुरत्या लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ते येत नाही. मग कारागीर एक वाट काढतात : मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र पाटीला पाठवायचं. नावाच्या पाटीला ते चालून जातं, नाव काही रोज बदलत नाही. पण भावफलकावर श्रीखंडाचा दर बदलला की पुन्हा चित्र, पुन्हा केबल.

(दृश्य : मोजपट्टी. पेटलेल्या दिव्यांच्या ओळी.)

उंचीचा हिशोबही मराठीचा वेगळाच. इंग्रजी मोठं अक्षर सोळाच्या सोळा ओळी वापरू शकतं. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा-अनुस्वाराला जागा लागते, खाली उकाराला. अक्षराच्या अंगाला निम्म्याच्या आसपास ओळी उरतात. ‘लाडू’मधला दीर्घ ऊ तिथे चिरडतो. म्हणून इथे मॉड्यूलच्या दोन रांगा लागल्या, ३२ ओळी. खर्च वाढला.

आणि ही नुसती हौस नाही. दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानाला, दहापेक्षा कमी कामगार असले तरी, देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते. तिची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

(दृश्य : दुकानाच्या आत. दोन पडदे शेजारी शेजारी.)

आत पी-टेन लावून उपयोग नाही. दिव्यांमध्ये दहा मिलिमीटरचं अंतर असेल, तर साधारण दहा मीटरवरून अक्षर सलग दिसतं, आणि गिऱ्हाईक उभं असतं हाताच्या अंतरावर. इथे एलसीडी पडदाच हवा. डावीकडचा घरगुती टीव्ही आहे, उजवीकडचा व्यावसायिक पडदा, रोज सोळा-सोळा तास चालायला बनवलेला. टीव्ही स्वस्त पडतो. दुकानात लावला तर वॉरंटी राहते का, ते वॉरंटी कार्डावर वाचून घ्यावं. दर्शनी काचेत, उन्हासमोर ठेवायचा असेल तर दोघांपैकी एकही चालणार नाही. तिथे अडीच हजार निट्सच्या आसपास उजेड लागतो.

(दृश्य : ‘लाडू’ आणि ‘शेव’, पडदाभर.)

हा ल बघा, पाकळीचा. हा श, देठाचा. राज्य शासनाने २००९मध्ये मराठीसाठी प्रमाण ठरवलेली हीच रूपं. पडद्यामागच्या अँड्रॉइड बॉक्समध्ये आलेला फाँट हिंदी वळणाचा होता. तो काढून मराठी रूपं असलेला फाँट घातला. विक्रेता म्हणाला, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मालक म्हणाले, मला कळतो.

(दृश्य : मेन स्विच. कारागिराचा हात.)

पैसे चुकते करण्याआधी एक परीक्षा उरते. इंटरनेट काढून टाकायचं आणि वीज घालवायची. वीज परत आल्यावर बॉक्स कोणी हात न लावता थेट भावफलकावर यायला हवा, आणि दर स्वतःच्या साठवणीतून दाखवायला हवेत.

(दृश्य : पडदा काळा. बॉक्सचा दिवा लुकलुकतो. भावफलक उमटतो.)

पहिली ओळ : खाऱ्या शेंगा. मालक चेक फाडतात.