शेजारची खुर्ची: व्हॅम्पायर टी-55 आणि दाबोळी

[दृश्य: बोगमाळोचा रस्ता. नौदल हवाई संग्रहालयाचं आवार. कॅमेरा सावकाश एका बुटक्या, दुहेरी शेपटीच्या विमानावर येतो.]

बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचं हवाई संग्रहालय लागतं. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आत शिरलेली मंडळी आधी वळतात ती सुपर कॉन्स्टेलेशनकडे, कारण ते प्रचंड आहे. मग सी हॅरियरपाशी फोटो. त्या गडबडीत एक विमान बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पोट जमिनीला टेकेल की काय इतकं खाली, मागे दोन दांडे आणि त्या दांड्यांना जोडणारी आडवी शेपटी. हे डी हॅविलँड व्हॅम्पायर टी-55, जेट उडवायला शिकवणारं विमान. भारतात परवान्याखाली तयार झालेल्या पहिल्या जेटच्या घराण्यातलं.

व्हॅम्पायर पहिल्यांदा उडालं 20 सप्टेंबर 1943 ला, इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला. चालवत होते धाकटे जेफ्री डी हॅविलँड. त्या काळच्या जेट इंजिनात जोर बेताचाच असायचा, आणि गरम वायू बाहेर सोडणारी नळी जितकी लांब तितका त्यातला काही जोर वाटेतच वाया जायचा. म्हणून आरेखकांनी नळी आखूड ठेवली, इंजिन वैमानिकाच्या पाठीशी बसवलं आणि शेपटी दोन दांड्यांवर मागे नेली. हा आकार हौसेचा नाही, हिशोबाचा आहे.

आणि मग लाकूड. पंख आणि दांडे ॲल्युमिनियमचे, पण वैमानिक बसतो तो पुढचा भाग प्लायवूडचा. बाहेर प्लाय, आत प्लाय, मध्ये बाल्सा. डाव्या आणि उजव्या अंगाची दोन कवचं साच्यावर वेगवेगळी वाकवायची, पट्ट्यांनी आवळून डिंक वाळू द्यायचा, आतलं सामान शक्य तितकं उघड्या कवचातच बसवायचं, मग दोन्ही अर्धी जोडायची. जिथे धातूचा बोल्ट आरपार जाणार, तिथला बाल्सा काढून कठीण लाकडाचा ठोकळा घालायचा. नाहीतर बोल्ट आवळला की मऊ बाल्सा दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. शेवटी वरून कापड चिकटवून रंग.

[दृश्य: कॉकपिटचा जवळून फोटो. शेजारी शेजारी दोन आसनं.]

दोन आसनांचं प्रशिक्षण विमान आलं 15 नोव्हेंबर 1950 ला. व्हॅम्पायरच्याच रात्रीच्या लढाऊ आवृत्तीत वैमानिक आणि रडार चालवणारा शेजारी शेजारी बसायचे. तेच रुंद कॉकपिट घेतलं, रडार काढलं, दोन्ही बाजूंना नियंत्रणं दिली. कंपनीने हे काम स्वतःच्या पैशाने केलं होतं. पुढे ब्रिटिश हवाई दलाने ते टी-11 म्हणून घेतलं आणि निर्यातीच्या आवृत्तीला नाव मिळालं टी-55. सुरुवातीच्या टी-11 मध्ये वैमानिकाला बाहेर फेकणारं आसन नव्हतं. ते नंतर आलं, आणि त्याबरोबर कॉकपिटवरचं झाकणही बदललं. रुंद म्हटलं तरी तो रुंदपणा कागदावरचाच. दोन फेकआसनं बसवल्यावर आत कोपराला जागा उरत नाही.

आता बेंगळुरू. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना 1940 च्या डिसेंबरमध्ये उभा केला तो वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साथीने. सोलापूरचा हा माणूस जहाजं, मोटारी आणि विमानं अशा तिन्ही धंद्यांत उतरला होता. 1948 च्या अखेरीस हवाई दलाकडे पहिली व्हॅम्पायर आली आणि लवकरच याच कारखान्याला ती बनवण्याचा परवाना मिळाला. आधी एका आसनाचं लढाऊ विमान, मग टी-55.

परवाना म्हणजे नेमकं काय मिळतं? नकाशे, साचे, जोडणीचे सांगाडे, मालाची यादी आणि तपासणीचे नियम. सुरुवातीला सुटे भाग खोक्यांतून येतात आणि इथे फक्त जोडणी होते. मग हळूहळू भाग इथे बनू लागतात. हात तयार होतात, हा खरा फायदा. पण एखादा बोल्ट अर्ध्या इंचाने सरकवायचा असेल तरी मूळ मालकाला विचारावं लागतं, आणि तो बोल्ट तिथेच का ठेवला याचं उत्तर नकाशावर लिहिलेलं नसतं. व्हॅम्पायरचा परवाना स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियानेही घेतला होता. फ्रान्सने पुढे त्यात वेगळं इंजिन घालून स्वतःची आवृत्ती काढली.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. डिसेंबर 1961.]

गोव्याशी या विमानाचा संबंध शिकवण्यापासून सुरू झाला नाही. गोवामुक्तीच्या वेळी, डिसेंबर 1961 मध्ये, हवाई दलाच्या 45 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची व्हॅम्पायर या भागावर गस्त घालत होती. प्रत्यक्ष हल्ल्यात ती उतरली नाहीत. 18 डिसेंबरला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांनी, आणि बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं हंटर विमानांनी. एप्रिल 1962 मध्ये तीच धावपट्टी नौदलाच्या ताब्यात आली.

नौदलाची जेट तुकडी तोवर कोइंबतूरजवळच्या सुलूरला होती. 5 सप्टेंबर 1961 ला तिथेच तिला आयएनएस हंसा हे नाव मिळालं आणि जून 1964 मध्ये हंसा दाबोळीला आली. तिच्याकडे दोन प्रकारची जेट होती: सी हॉक आणि व्हॅम्पायर.

सी हॉक हे विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं लढाऊ विमान. 18 मे 1961 ला विक्रांतच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी, पुढे ते नौदलप्रमुख झाले. या सी हॉकची एक अडचण होती. दोन आसनांचं सी हॉक कधी बनलंच नाही. म्हणजे सी हॉकमधलं पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं, शेजारी चूक सावरायला कुणी नाही. त्यामुळे शिकायचं ते सगळं आधी व्हॅम्पायरमध्ये शिकून घ्यायचं.

[दृश्य: इंजिनाचा आतला भाग दाखवणारी चित्रफीत. हवा आत येते, फिरते, पेटते.]

व्हॅम्पायरमध्ये गॉब्लिन इंजिन, सी हॉकमध्ये नीन. दोन्ही केंद्रोत्सारी, म्हणजे एक मोठं चक्र हवा बाहेरच्या कडेकडे फेकून दाबतं. टी-55 च्या गॉब्लिनला अशी हवा सोळा ज्वलनकक्षांत जाते आणि सुमारे 3500 पौंडांचा रेटा मिळतो. या घराण्याच्या इंजिनांचा स्वभाव एकच: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे ढकलला म्हणून लगेच जोर येत नाही. जड चक्राला वेग घ्यायला कित्येक सेकंद लागतात. घाईने थ्रॉटल झटकन पुढे केला तर इंधन आधी येतं आणि हवा मागाहून. नळीचं तापमान चढतं, टर्बाइनची पाती भाजतात, कधी इंजिन गुरगुरून बसतं.

पंख्याच्या विमानावर तयार झालेल्या हाताला ही सवय मोडणं सगळ्यात जड जातं. तिथे थ्रॉटल दिला की पंखा लगेच ओढतो. जेटमध्ये उतरताना इंजिन मंद करून बसलात आणि उंची कमी पडतेय हे शेवटच्या क्षणी कळलं, तर जोर येईपर्यंत जमीन येते. म्हणून फ्लॅप आणि एअरब्रेक बाहेर काढून विमानाला मुद्दाम ओढ द्यायची, म्हणजे वेग तोच ठेवायला इंजिन वरच्या फेऱ्यांवर फिरत राहतं. त्या फेऱ्यांवरून जोर चटकन मिळतो. जहाजाच्या डेकवर तर हे जीवनमरणाचं. विमानाला अडवणारा डेकवरचा दोर चुकला तर त्याच क्षणी पुन्हा उडायचं असतं.

जमिनीवरही खोड्या होत्या. पुढचं चाक स्वतःहून वळत नाही, ते नुसतं मागे ओढलं जातं. वळायचं ते एका बाजूच्या ब्रेकने. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, दांडीवरची मूठ दाबायची आणि पायाने बाजू ठरवायची. वळणात थांबलात तर ते चाक आडवं अडकतं आणि निघताना विमान भलतीकडेच ओढतं, म्हणून थांबण्याआधी थोडं सरळ धावून घ्यायचं. आणि इंजिन पेटलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न नाही. आत साचलेलं इंधन निथळू द्यायचं, नळी कोरडी करायची, मगच. नाहीतर दुसऱ्या खेपेला शेपटीकडून आगीचा लोळ निघतो, आणि पुढचा भाग लाकडाचा आहे हे विसरून चालत नाही.

[दृश्य: पावसात भिजणारी धावपट्टी. पलीकडे समुद्र.]

लाकूड आणि गोव्याचा पाऊस यांचं काही जमत नाही. भारतीय हवामानाने हा धडा आधीच दिला होता: दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या अखेरीस, इथल्या मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी होऊ लागले होते. ती विमानंही याच कंपनीची, याच पद्धतीची. व्हॅम्पायरची देखभाल त्यामुळे निचऱ्याच्या भोकांपासून सुरू होते. तळातलं एखादं भोक रंगाने बुजलं की पाणी आतच राहतं. कापडाला बारीक तडा गेला की ओल प्लायखाली शिरते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तंत्रज्ञ तिथे नाण्याने ठोकून पाहतो. चिकटलेली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. बोल्टांच्या भोवती तपासणी जास्त, कारण ओल तिथूनच चढते.

धातूच्या दांड्यांचा शत्रू वेगळा, खारा वारा. रिव्हेटच्या कडेला पांढरी भुकटी दिसली की गंज आत पोचलेला असतो. नुसता रंग मारून भागत नाही. गंज घासून काढायचा, नितळ धातू लागेपर्यंत. रोजचा उपाय साधाच, गोड्या पाण्याने धुणं. पण धुतलेलं पाणी निथळलं पाहिजे, म्हणजे पुन्हा तीच भोकं!

व्हॅम्पायरनंतर आलं किरण. हे परवान्याचं नव्हे, आपल्या आरेखनाचं, बेंगळुरूला डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं. 4 सप्टेंबर 1964 ला सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. आसनं पुन्हा शेजारी शेजारी, इंजिन मात्र ब्रिटिश. नौदलाचं सागर पवन हे कसरतींचं पथक किरणवरच उडायचं आणि त्याचं घर दाबोळी.

मग पुन्हा परवाना. मार्च 2004 मध्ये हॉक या ब्रिटिश प्रशिक्षण जेटचा करार झाला: एकूण 66, त्यातली 24 ब्रिटनमधून आणि 42 बेंगळुरूत बनवायची. 2010 मध्ये आणखी 57, त्यातली 17 नौदलासाठी. नौदलाची हॉक 2013 मध्ये विशाखापट्टणमला दाखल झाली. इथे आसनं मागेपुढे, प्रशिक्षक मागे आणि थोडा उंचावर. हॉकचं अडूर इंजिन बेंगळुरूला नवीन नव्हतं, जग्वार विमानांमुळे ते हाताखालून गेलं होतं.

पण आपल्या हॉकला डेकवरचा दोर पकडणारा हूक नाही. डेकवर उतरणारं हॉक अमेरिकेने बनवलं, तेही परवान्यावरच, टी-45 गोशॉक. त्यासाठी काय काय बदलावं लागलं पाहा: हूक बसवला, चाकांचे पाय मजबूत केले, पुढे जोडचाक दिलं, पोटाखालचा एअरब्रेक दोन्ही बगलांत नेला. म्हणजे जवळजवळ नवं विमानच. आपले नौदल वैमानिक ते उडवायला अनेक वर्षं अमेरिकेला जात राहिले.

[दृश्य: हंसा तळावरचा उतरण्या-उडण्याच्या सरावाचा डेक, टोकाला वर वळलेली स्की-जंप.]

आता दाबोळीच्या तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि अडवणारे दोर बसवलेले आहेत. 20 डिसेंबर 2014 ला तेजसच्या नौदल आवृत्तीने या स्की-जंपवरून पहिली झेप घेतली. चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर. विमान होतं एनपी-1, म्हणजे नौदल आवृत्तीचा पहिला नमुना, इंजिन अमेरिकन, आरेखन आपलं, आणि आसनं दोन.