स्कॅनर चालतोय, पण काही अडवतोय का?

नमस्कार मंडळी. कंटेनरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: "मॅडम, पाइपलाइनमध्ये सिक्युरिटी टेस्टिंग घालायचंय, टूल कोणतं घेऊ?"

पाइपलाइन म्हणजे कोड पाठवला की तो आपोआप तपासून, बांधून पुढे नेणारी पायऱ्यांची साखळी. टूलचं आधी उरकून टाकते. स्वतःचा कोड तपासायला सेमग्रेप. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या आणि कंटेनर इमेज, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं, यांच्यासाठी ट्रिव्ही. कोडमध्ये पासवर्ड, कीज राहिल्यात का बघायला गिटलीक्स. आणि चालू अ‍ॅप्लिकेशनला बाहेरून टोचून बघायला झॅप. चारही फुकट सुरू करता येतात. सेमग्रेप चांगलं की सोनारक्यूब यावरून कमेंटमध्ये भांडू नका, मागच्या वेळी दोघांनी एकमेकांच्या डिग्र्या काढल्या होत्या.

आता मुद्द्याचं. ट्रिव्हीला तुम्ही इमेज दिली. त्याने भलंमोठं टेबल छापलं, त्यात क्रिटिकल, हाय, सगळं भरलेलं. पाइपलाइनचा रंग कोणता? हिरवा!

कारण साधं आहे. कुठलीही कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते, एक्झिट कोड. 0 म्हणजे सगळं ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. पाइपलाइनला टेबल वाचता येत नाही, तिला तेवढा आकडाच कळतो. आणि ट्रिव्ही, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, कितीही भोकं सापडली तरी 0 च देतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने चोराचं नाव-गाव रजिस्टरात नीट लिहून घ्यावं आणि "जा वरती" म्हणावं, तसं. म्हणून एक्झिट-कोड 1 हा पर्याय द्यायचा, सोबत सिव्हिअरिटीमध्ये हाय आणि क्रिटिकल. स्क्रीनवर पूर्ण ओळ दिसतेय, पॉज करून उतरवून घ्या.

सेमग्रेपचंही तेच. सेमग्रेप स्कॅन चालवलंत तर काही सापडूनही 0 येतो, एरर हा फ्लॅग द्यावा लागतो. सेमग्रेप सीआय ही वेगळी कमांड आहे, तिला ब्लॉकिंग नियमात काही सापडलं की ती स्वतःच लाल होते. झॅपचा बेसलाइन स्कॅन तर उलट्या डोक्याचा. साध्या वॉर्निंगवरही तो 2 देतो, म्हणजे पहिल्याच दिवशी लाल. मग टीममधला कोणीतरी वैतागून वॉर्निंगकडे दुर्लक्ष करणारा कॅपिटल आय फ्लॅग लावतो. आणि झॅपचे सगळे नियम मुळात वॉर्निंगच्याच पातळीवर असतात. कॉन्फिग फाइलमध्ये कोणत्या नियमावर फेल व्हायचं ते तुम्ही लिहिलं नाही, तर त्या फ्लॅगनंतर झॅप तुम्हाला जन्मात अडवणार नाही.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फ्लॅग लावला, झालं. नाही झालं.

पुण्यातल्या एका कंपनीत मला पाइपलाइन बघायला बोलावलं होतं. नाव घेणार नाही, आणि कमेंटमध्ये अंदाजही लावू नका. एक्झिट-कोड 1 अगदी बरोबर लावलेला. तरी प्रत्येक बिल्ड हिरवा, आणि रिपोर्ट उघडावा तर क्रिटिकलची रांग. ऑडिटरने स्कॅन चालू असल्याचा स्क्रीनशॉट मागितला होता, तो दिला होता, सगळे खूश. मी ती ओळ बघितली. ट्रिव्हीच्या पुढे पाइपची उभी रेघ, आणि तिच्यापुढे टी कमांड, रिपोर्ट फाइलमध्ये साठवायला. बस! शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अशी साखळी केली की शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड धरला जातो. ट्रिव्ही ओरडून 1 सांगतोय, आणि टी म्हणतेय, मी फाइल नीट लिहिली, 0.

यावर उपाय पाइपफेल, म्हणजे साखळीतली एकही कमांड फसली तर पूर्ण ओळ फसलेली धरणारा शेलचा पर्याय. गिटहब अ‍ॅक्शन्सची, म्हणजे गिटहबवरच्या पाइपलाइनची, इथे एक गंमत आहे. स्टेपमध्ये शेल कोणता ते लिहिलं नाही, तर लिनक्स रनरवर, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशीनवर, बॅश हाच शेल चालतो, पण पाइपफेलशिवाय. आणि "शेल: बॅश" असं मुद्दाम लिहिलं, तर तोच बॅश पाइपफेलसकट चालतो. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण, ते सोडा.

याच जातीचे आणखी दोन प्रकार. कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ट्रू, म्हणजे कमांड फसली तरी 0 च. डेमोच्या आदल्या रात्री "तात्पुरतं" म्हणून टाकलेलं असतं, आणि टाकणारा नोकरी बदलून गेला तरी ते तिथेच. दुसरं, गिटलॅबमधलं अलाऊ-फेल्युअर, म्हणजे जॉब फसला तरी पाइपलाइन पुढे जाऊ दे. गिटलॅबच्या तयार सास्ट (कोड न चालवता तपासणं) टेम्प्लेटमध्ये ते मुळातच ट्रू असतं, म्हणजे टेम्प्लेट जोडून "आमच्याकडे सास्ट आहे" म्हणणाऱ्यांनी आजच उघडून बघा.

बरं, आता जॉब खरंच लाल झाला. तरीही पुल रिक्वेस्टवरचं, म्हणजे "माझे बदल मुख्य कोडमध्ये घ्या" या विनंतीवरचं, मर्ज बटण दाबून बघा. दाबलं गेलं ना? ब्रँच प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये काय शिरू द्यायचं त्या नियमांत, तो चेक "रिक्वायर्ड" केला नसेल, तर लाल रंग ही फक्त सजावट. रिक्वायर्ड केला तरी एक पळवाट उरते. "डॉकरफाइल (इमेज बनवायची कृती) बदलली तरच स्कॅन कर" अशी इफची अट जॉबवर घातली असेल आणि जॉब वगळला गेला, तर गिटहब तो यशस्वी धरतो. मर्ज मोकळं.

म्हणून माझा हट्ट ऐका. एक वेगळी ब्रँच काढा, तिच्यात लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीची 2.14.1 आवृत्ती टाका. डिसेंबर 2021 मध्ये ज्याने जगभरच्या टीम्सचे वीकएंड खाल्ले, ते भोक तिच्यातलंच, सीव्हीई-2021-44228 (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाचा नोंदणी क्रमांक), दहापैकी दहा तीव्रतेचं. पुल रिक्वेस्ट उघडा आणि मर्ज करायचा प्रामाणिक प्रयत्न करा. झालं मर्ज तर लगेच मागे घ्या, आणि मग वरच्या तीन जागा शोधायला बसा: टूलचा एक्झिट कोड, पाइपलाइनची ओळ, ब्रँचचे नियम. पाइपलाइनच्या फाइलला कोणी हात लावला की हा प्रयोग पुन्हा करा.

एका दादांनी लिहिलंय, "असाच प्रयोग गिटलीक्सवर केला, एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) की टाकली, त्याने पकडलीच नाही, टूल बोगस आहे." दादा, तुम्ही एडब्ल्यूएसच्याच कागदपत्रांतली नमुना की टाकलीत, जिच्या शेवटी एक्झाम्पल लिहिलेलं असतं. गिटलीक्स तिला मुद्दाम सोडतं, नाहीतर प्रत्येक रीडमीवर बोंब झाली असती. शिवाय गिटहबचा चेकआउट फक्त शेवटचा कमिट आणतो. इतिहास तपासायचा तर फेच-डेप्थ 0 द्या. आणि "पुढच्या कमिटमध्ये की डिलीट केली ताई" हे मला परत कोणी सांगू नका. गिटच्या इतिहासात ती बसलेलीच असते. की रद्द करा, नवी काढा.

आता ज्यांचं मन आतापासूनच धास्तावलंय त्यांच्यासाठी. जुना प्रोजेक्ट असेल आणि पहिल्याच दिवशी सगळं लाल केलंत, तर आठवड्याभरात टीमच तो जॉब काढून टाकेल, आणि मी त्यांना दोष देणार नाही. सेमग्रेपला बेसलाइन कमिट देता येतो, मग तो त्यानंतर आलेलंच नवं दाखवतो. जुना कचरा वेगळ्या यादीत घ्या आणि हळूहळू उपसा. ट्रिव्हीला इग्नोर-अनफिक्स्ड द्या, म्हणजे ज्याचा पॅच निघालाय त्यावरच अडेल. पॅच नसलेल्यांचा रिपोर्ट रात्रीच्या स्कॅनमध्ये बघा, नाहीतर ते कायमचे नजरेआड जातील. इक्विफॅक्स आठवतं? लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणारी अमेरिकन कंपनी, 2017 चं प्रकरण. अपाचे स्ट्रट्स या वेब लायब्ररीचा पॅच मार्चमध्ये आला होता, चोरी सुरू झाली मे महिन्यात, आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. पॅच हातात असताना न लावणं, ही गोष्ट गेटवर अडलीच पाहिजे.

एखादा सीव्हीई सोडायचाच असेल तर ट्रिव्हीच्या इग्नोर फाइलमध्ये त्याच ओळीत मुदतीची तारीख लिहिता येते. ती उलटली की तो परत बोलायला लागतो. तारखेशिवायचा अपवाद मी रिव्ह्यूत पास करत नाही. यावरून माझ्याशी भांडणारे आहेत, भांडोत.

आणि स्कॅनरची अ‍ॅक्शन, म्हणजे गिटहबवर मिळणारी तयार पायरी, टॅगने जोडू नका. टॅग हे नुसतं आवृत्तीचं नाव, ते दुसऱ्या कमिटकडे वळवता येतं. पूर्ण कमिट हॅशने, म्हणजे त्या कमिटच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, जोडा. मार्च 2025 मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्सचे जुने टॅग कोणीतरी दुष्ट कमिटकडे वळवले आणि लोकांच्या पाइपलाइनमधली सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. 23 हजारांहून जास्त रेपॉझिटरीज ती अ‍ॅक्शन वापरत होत्या. ज्यांनी हॅश आधीच पक्का केला होता, त्यांच्या पाइपलाइनला टॅग हलल्याचा काही फरक पडला नाही.

पाइपलाइन जेनकिन्सवर चालवणाऱ्यांनो, तुम्हाला विसरले नाहीये. टीचा घोळ तुमच्याकडेही होतो. एसएच स्टेपच्या पहिल्या ओळीत बॅशचा शेबँग, म्हणजे कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणारी ओळ, द्या, पण मग कमांड फसली की तिथेच थांबवणारा जो ई पर्याय जेनकिन्स स्वतःहून लावतो तो निघून जातो. म्हणून दुसऱ्या ओळीत सेट कमांडला ई आणि पाइपफेल, दोन्ही द्या. लॉगफोरजेचा प्रयोग तुम्हीही करा, आणि मर्ज झालं की अडलं ते खाली लिहा.