हॉस्पिसची पारख

[दृश्य : टेबलावर पसरलेली माहितीपत्रकं. त्यातलं एक हात उचलतो, उलटसुलट पाहतो.]

आजार आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच संभाषणात बहुधा पुढचा शब्द येतो : हॉस्पिस, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी, अखेरच्या काळातली सेवा. मग दोन-चार दिवसांत एक संस्था निवडायची असते. घरचे थकलेले असतात, झोप झालेली नसते, आणि समोरच्या प्रत्येक माहितीपत्रकात माया, सन्मान, शांतता हेच शब्द असतात. त्यावरून काही ठरवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा वेदनाशामक, आधार देणाऱ्या (पॅलिएटिव्ह) सेवेची गरज असते. ती मिळते त्यातल्या साधारण १४ टक्क्यांनाच. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांपुढे निवडीचा प्रश्नच येत नाही. जी सेवा आहे तीच घ्यावी लागते. पण निवड असो वा नसो, चांगली सेवा कशी असते हे माहीत असलं तर ती हक्कानं मागता येते.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. रुग्णालयातला वॉर्ड, ओळीनं खाटा.]

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये झाली, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस या संस्थेपासून. ती उभी करणाऱ्या सिसिली सॉंडर्स आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. मरणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ त्या या तिन्ही भूमिकांमधून उभ्या राहिल्या होत्या. त्या काळी दुखणं असह्य झालं, रुग्ण कळवळून मागू लागला, की मगच इंजेक्शन दिलं जाई. त्याचा असर ओसरला की पुन्हा तेच कळवळणं. सॉंडर्स यांनी आग्रह धरला तो घड्याळाप्रमाणे औषध देण्याचा : आधीच्या मात्रेचा असर संपण्यापूर्वी पुढची मात्रा पोटात गेली पाहिजे. दुखणं उठण्याची वाट पाहायची नाही.

या एका सवयीत हॉस्पिसचं सगळं सार आहे असं मला वाटतं. पुढे काय होणार हे चांगली टीम आधीच पाहते आणि त्याची तयारी करून ठेवते. एखाद्या संस्थेची पारख करताना मी हेच शोधेन : जे उद्या होणार आहे, त्याचा विचार यांनी आज केला आहे का?

[दृश्य : औषधांचा तक्ता, जवळून. वेळा, मात्रा, सह्या.]

सुरुवात औषधांच्या कागदापासून करू, कारण तो खोटं बोलत नाही. मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध. तोंडानं घ्यायच्या साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो. तेव्हा चांगल्या तक्त्यावर दिवसरात्रीच्या ठरलेल्या वेळा असतात. त्याखाली आणखी एक ओळ असायला हवी : मध्येच कळ उठली तर द्यायची जादा मात्रा. ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक-दशांश ते एक-षष्ठांश एवढी असते, आणि ती किती अंतरानं पुन्हा देता येईल तेही लिहिलेलं असतं. ही ओळ नसेल, तर कळ उठल्यावर घरच्यांनी आधी फोन लावायचा, मग वाट पाहायची, आणि तोवर रुग्णानं सोसायचं.

तिसरी ओळ अनेकांच्या नजरेतून सुटते. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होते, जवळजवळ हमखास होते. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बऱ्याच जणांची काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून मॉर्फिन लिहिलं त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही लिहिलं गेलं पाहिजे. अमेरिकेत हॉस्पिसच्या गुणवत्तेच्या अधिकृत मोजमापांमध्ये या गोष्टीची नोंद घेतली गेली आहे. कुणाला हा निकष क्षुल्लक वाटेल. पाच दिवस पोट साफ न झालेल्या, कुशीवर वळतानाही कण्हणाऱ्या रुग्णाजवळ जो बसला आहे, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही.

[दृश्य : परिचारिका रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहते आहे. हातात वही.]

दुखणं मोजलं जातं का, हेही पाहावं. ज्याला सांगता येतं त्याला शून्य ते दहा यांपैकी आकडा विचारतात. पण स्मृतिभ्रंश झालेला माणूस आकडा कसा सांगणार? त्याच्यासाठी निरीक्षणाच्या पद्धती आहेत. एका पद्धतीत पाच गोष्टी पाहतात : श्वास, तोंडातून निघणारे आवाज, चेहऱ्यावरचे भाव, शरीराची ताठरता किंवा चाळवाचाळव, आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो का. ‘बोलू न शकणाऱ्या रुग्णाचं दुखणं तुम्ही कसं ओळखता?’ हा प्रश्न संस्थेला जरूर विचारा. उत्तर ‘अनुभवानं कळतं’ एवढंच आलं, तर आणखी खोदून विचारा.

सॉंडर्स यांची दुसरी मोठी देणगी म्हणजे समग्र वेदनेची कल्पना. शरीराचं दुखणं, मनातली भीती, घराची आणि पैशांची चिंता, आणि ‘माझ्या जगण्याला काही अर्थ होता का’ ही आतली तगमग, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मात्रा वाढवूनही दुखणं हटत नाही, तेव्हा कधीकधी कारण या इतर कोपऱ्यांत सापडतं. म्हणून टीममध्ये डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर समाजसेवक, समुपदेशक, स्वयंसेवक आणि रुग्णाला हवा असेल तर त्याच्या श्रद्धेचा माणूसही असावा लागतो. ही माणसं खरोखर एकत्र बसतात का, हे विचारणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमांनुसार सेवा स्वीकारल्यापासून ४८ तासांत परिचारिकेनं पहिली तपासणी करायची असते, पाच दिवसांत सर्वांगीण मूल्यमापन व्हायला हवं आणि त्यानंतर निदान दर १५ दिवसांनी संपूर्ण टीमनं योजना पुन्हा तपासायची असते. नियम देशोदेशी वेगळे असतात, पण हे आकडे कोणत्याही संस्थेशी बोलताना मनात ठेवायला उपयोगी आहेत.

[दृश्य : रात्र. खोलीत मंद दिवा. फोन कानाला लावलेली व्यक्ती.]

आता रात्रीविषयी.

‘आमची सेवा चोवीस तास आहे’ हे बहुतेक सगळेच सांगतात. त्यापुढचे प्रश्न विचारायचे. रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? परिचारिका की फक्त निरोप घेणारा माणूस? त्याच्यासमोर रुग्णाची फाईल उघडी असते का, की आजाराचं नाव सांगण्यापासून सुरुवात करावी लागते? फोनवर प्रश्न सुटला नाही तर कुणी घरी येतं का, आणि गेल्या महिन्यात अशा वेळी यायला साधारण किती वेळ लागला? ज्यांच्याकडे नोंदी असतात ते सहज सांगतात.

आणि फोनच्याही आधीची गोष्ट : लागू शकणारी औषधं घरात आधीच आणून ठेवली आहेत का? दुखण्याचं, मळमळीचं, घाबरेपणाचं, घशातल्या घरघरीचं. डब्यावर नावं हवीत, कोणतं कशासाठी ते घरच्यांना कळेल अशा भाषेत लिहिलेलं हवं आणि एकदा समजावून सांगितलेलं हवं. गिळणं बंद झाल्यावर औषध कसं द्यायचं, हेही तेव्हाच ठरलेलं असावं. त्वचेखाली बारीक सुई ठेवून छोट्या पंपानं हळूहळू औषध देता येतं. पण पंप, औषध आणि ते जोडणारा माणूस यांची शोधाशोध रुग्णाचं गिळणं थांबल्यावर सुरू झाली, तर उशीर झालेला असतो.

रात्री अचानक सुरू होणारी बेचैनी ही खरी परीक्षा असते. माणूस अंथरूण ओढतो, उठू पाहतो, कुणाला ओळखत नाही. गुंगीचं औषध देऊन त्याला झोपवणं सोपं असतं. जाणती परिचारिका आधी ओटीपोटावर हात ठेवून पाहते : लघवी तुंबली आहे का? पोट किती दिवसांत साफ झालेलं नाही? दुखत तर नाही? कोणतं औषध नव्यानं सुरू झालं? कधी नळी घालून लघवी मोकळी केल्यावर माणूस तेवढ्यानंच शांत होतो. गुंगीच्या औषधाची गरज काही वेळा असतेच, पण ते देण्याआधी कारण शोधलं का, हे विचारायचा हक्क घरच्यांना आहे.

[दृश्य : स्पंजच्या काडीनं ओठ ओलावणारा हात.]

शेवटच्या दिवसांत काय दिसेल, हे आधी सांगणं हेसुद्धा उपचारातच मोडतं. भूक जाते. झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर डाग दिसतात. श्वासात खंड पडू लागतात. घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण बेशुद्धीकडे गेलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत असण्याची शक्यता कमी असते. कुशीवर वळवल्यानं आवाज पुष्कळदा कमी होतो. ‘उपाशी मारतोय का आपण?’ हा प्रश्न घरातल्या कुणाच्या तरी मनात असतोच. चांगली टीम तो स्वतःहून काढते, बसून समजावते, शरीर आता अन्न मागत नाही हे सांगते आणि तोंड ओलं कसं ठेवायचं ते करून दाखवते. हे सांगणारं कुणी नसेल, तर घाबरलेले घरचे अखेरच्या क्षणी रुग्णवाहिका बोलावतात. त्यांचा काय दोष?

हॉस्पिसमध्ये गेलं की मृत्यू लवकर येतो, ही भीतीही फार खोल रुजलेली आहे. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा दिली गेली. त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं, शेवटच्या काळातले आक्रमक उपचारही कमी झाले आणि मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ती मुदत) ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटाचं ८.९ महिने. हा अभ्यास हॉस्पिसचा नव्हता, हे खरं. पण त्रास कमी करणं म्हणजे आयुष्य कमी करणं, हा समज त्यानं खोडून काढला.

[दृश्य : दारात उभी गाडी. पिशवी घेऊन उतरणारी परिचारिका.]

पैशांचा हिशोबही समजून घ्यावा. मेडिकेअर हॉस्पिसला मुख्यतः दिवसाच्या दरानं पैसे देतं. परिचारिका त्या दिवशी आली काय, न आली काय. अशा व्यवस्थेत भेटी कमी करण्याचा मोह तयार होतो. म्हणून २०१६ पासून आयुष्याच्या शेवटच्या सात दिवसांतल्या भेटींसाठी जादा रक्कम मिळू लागली. शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस परिचारिका किंवा समाजसेवक प्रत्यक्ष भेटले, असे रुग्ण किती, हेही मोजलं जातं. मला हा फार अर्थपूर्ण आकडा वाटतो. ज्या तीन दिवसांत घराला सर्वांत जास्त आधार हवा, त्यात दार कुणी वाजवलं, हे तो सांगतो. तुमच्याकडे असा आकडा प्रसिद्ध होत नसेल तरी संस्थेला विचारता येईलच.

आणि सेवा पटली नाही तर संस्था बदलता येते. मेडिकेअरमध्ये प्रत्येक लाभकालावधीत, म्हणजे सेवा मंजूर होते त्या प्रत्येक ठरावीक मुदतीत, एकदा ती मुभा आहे. आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. बदलायचं झालं तर औषधांची आणि मात्रांची पूर्ण नोंद सोबत घ्यावी, आणि दोन संस्थांच्या मध्ये एकही रात्र बिनआधाराची जाऊ नये, अशी तारीख ठरवावी.

[दृश्य : रिकामी केलेली खोली. भाड्याची खाट बाहेर नेली जाते आहे.]

मृत्यूनंतर संस्थेचं काम थांबत नाही. उरलेलं मॉर्फिन मोजून त्याची सुरक्षित विल्हेवाट लावायची असते. खाट, पंप, ऑक्सिजनचं यंत्र परत न्यायचं असतं. ते कधी न्यायचं, हे घरच्यांना विचारून. अमेरिकेत नातेवाइकांना मृत्यूनंतर एक वर्षापर्यंत शोकातून सावरायला आधार देण्याची जबाबदारी हॉस्पिसवर असते. पण सगळ्यांना एकसारखं पत्र पाठवणं पुरेसं नसतं. रात्रंदिवस एकटीनं शुश्रूषा करणारी मुलगी, भांडण मिटवायचं राहून गेलेला भाऊ, काहीच न विचारणारा लहान मुलगा, यांच्यापैकी कुणाला हे जास्त जड जाणार, हे भेटीला येणाऱ्या टीमला रुग्ण जिवंत असतानाच दिसलेलं असायला हवं. त्याचं नाव फाईलमध्ये हवं, पहिला फोन कुणी आणि कधी करायचा, तेही तिथेच लिहिलेलं हवं.