बर्लिनच्या कवट्या आणि इरावतीबाई

ही बिल्डिंग बघा. बर्लिनचा डालेम भाग, इनेश्ट्रासे २२. आज इथे पोरं पॉलिटिकल सायन्स शिकतात. पण १९२७ ला इथे जी संस्था उघडली तिच्या नावातच युजेनिक्स होतं, आणि त्याच सुमारास पुण्याहून बावीस-तेवीस वर्षांची एक बाई इथे पीएचडीला आली, महर्षी कर्व्यांची सून. इरावती कर्वे. हो, त्याच, ‘युगान्त’वाल्या.

आता हे युजेनिक्स काय प्रकरण? शब्द काढला फ्रान्सिस गाल्टनने, १८८३ मध्ये. डार्विनचा सावत्र आतेभाऊ. या माणसाला मोजायचं भयंकर वेड. १८८४ ला लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने स्टॉल टाकला, तीन पेनी द्या आणि उंची, नजर, फुंकर, हाताचा जोर सगळं मोजून घ्या, आणि नऊ हजारांवर लोकांनी पैसे देऊन मोजून घेतलं! आपल्याकडे खाण तशी माती म्हणतात ना, तेच, फक्त आकडे लावून. युजेनिक्स म्हणजे हेच, ‘चांगल्या’ लोकांनी पोरं जास्त काढावीत, बाकीच्यांनी कमी. गाल्टनला स्वतःला मूलबाळ नव्हतं, ते जाऊ दे.

पुढे हे फॅडच झालं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक नावाच्या मुलीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली, का तर म्हणे आई, ती आणि तिची तान्ही पोर, तिघी मंदबुद्धी. ती पोर नंतर शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली. आणि आपल्याकडे? त्याच वर्षी ना. सी. फडक्यांनी, कादंबरीवाल्या फडक्यांनीच, भारतात ही चळवळ हवी म्हणून इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे हे चार माथेफिरूंचं काम नव्हतं, शिकलेसवरलेले लोक यात होते.

परत बर्लिन. इरावतीबाईंचे गाइड ऑयगेन फिशर, या संस्थेचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की गोऱ्यांची कवटी डावी-उजवीकडे जास्त असमान असते, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि अक्कल म्हणे त्याच्यामुळेच. हे आता आकड्यांत दाखवा, असं काम त्यांनी बाईंना दिलं. बाईंनी १४९ कवट्या घेतल्या, त्यातल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या, एकेक हातात धरून कॅलिपर लावून डावी बाजू मोजली, उजवी मोजली. उत्तर काय आलं तर कवट्या सगळ्यांच्याच थोड्या वाकड्या असतात, वंशाचा काही संबंध नाही. आणि तेच लिहून दिलं. गाइडच्या थिअरीच्या विरोधात, परक्या देशात, परक्या भाषेत.

फिशरला काय फरक पडणार. १९३३ ला तो बर्लिन युनिव्हर्सिटीचा रेक्टर झाला, त्याच वर्षी नाझींचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला, आणि साधारण चार लाख माणसांवर तो चालवला गेला. नंतर ऑशविट्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले याच संस्थेला माणसांचे अवयव पाठवायचा.

इरावतीबाई पुण्याला आल्या, डेक्कन कॉलेजात शिकवलं, आणि मोजणं काही सोडलं नाही, गावोगाव फिरून जातीजातींची डोकी-नाकं मोजत राहिल्या. मला हे वाचून जरा विचित्रच वाटलं, खरं सांगतो.

२०१४ मध्ये बर्लिनच्या त्या बिल्डिंगजवळ खोदताना माणसांची हाडं निघाली. बरीच वर्षं चर्चा झाली, आणि ठरलं की आणखी टेस्ट करून कोण कुठल्या वंशाचं ते आता शोधायचं नाही. २०२३ मध्ये ती तशीच दफन केली.